दादा डोंगराखाली राहिला

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये आमची दोन टेबलं शेजारी शेजारी होती. मी धुणारी, ती कातरणारी. माझ्याकडे कुत्रा यायचा तो चिखलाने माखलेला, तिच्या हातून जायचा तो लग्नाला निघाल्यासारखा. सगळे तिला ताई म्हणायचे. मालक वयाने मोठा, तरी तोही ताईच म्हणायचा. पन्नाशीला टेकलेली, लग्न न केलेली, अंगाने सडसडीत. कात्री धरून धरून अंगठ्याला घट्टा पडलेला. दिवसभर दुसऱ्यांच्या कुत्र्यांचे केस विंचरायची आणि स्वतःच्या वेणीला फणी लागायला सुट्टीचा दिवस उजाडावा लागे.

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ. दादा मालाचा टेम्पो चालवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, म्हणून बहिणीकडे राहायला आला होता. मोठ्या आवाजाचा, गप्पिष्ट माणूस. ताईला अजूनही 'छोटी' म्हणायचा. मग एका सकाळी दाट धुक्यात उलट्या बाजूने आलेला एक सायकलवाला त्याच्या टेम्पोखाली आला आणि जागच्या जागी गेला. दादाची चूक नव्हती. पोलीस तेच म्हणाले, कोर्ट तेच म्हणालं, त्या सायकलवाल्याचा सख्खा भाऊही तेच म्हणाला. दादाला मात्र ते पटलं नाही. त्याने स्टिअरिंगला हात लावणं सोडलं आणि हळूहळू बोलणंही. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा. ताई कामावर निघताना जिथे असायचा, परत आल्यावरही तिथेच.

त्याच सुमाराला गावाबाहेरची एक शेड बंद पडली. पिल्लं विकण्यासाठी तिथे पूडल ठेवलेले होते, पिंजऱ्यावर पिंजरे रचून. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या लोकांनी त्यांना सोडवून आमच्याकडे आणलं. पूडलचे केस माणसासारखे वाढतच राहतात, कापले नाहीत तर गुंता होतो आणि गुंत्याचं पांघरूण. ताईने मशीन लावलं तेव्हा ते पांघरूण पायपुसण्यासारखं अखंड निघून आलं. खाली राहिलं ते वीतभर रुंदीचं, थरथरणारं जनावर. मी पाणी कोमट आहे की नाही ते पुन्हा पुन्हा बघत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

तरणेताठे होते त्यांना घरं मिळाली. तीन कुणालाच नको होते. एक पांढरी, दात पडलेली. वाऱ्यावर तरंगत येणारी म्हातारी असते ना, तशी दिसायची, आणि वयानेही म्हातारीच. तेच नाव पडलं. दुसरा मातकट रंगाचा, एका डोळ्याने आंधळा, सदा नाक गळणारा. तो शेंबड्या. आणि तिसरी काळीभोर काजळ. तिच्यात खोड काहीच नव्हती, पण माणूस जवळ आला की ती जागेवरच लघवी करायची. ताई तिघांनाही घरी घेऊन गेली.

पिंजऱ्याच्या जाळीवर वाढलेल्या कुत्र्यांना जमीन माहीत नव्हती. पंजे फाकलेले, फरशीवर पाय टाकायलाही घाबरायचे. तिघं एका कोपऱ्यात, चौथा दादा खिडकीपाशी. "माझं घर म्हणजे स्टेशनची वेटिंग रूम झालंय," ताई म्हणायची, "सगळे बसलेत, गाडी कुणाचीच येत नाही." डॉक्टरांनी सांगितलं, यांना मोकळ्या रानात न्या, मातीवर, गवतावर, जिथे गोंगाट नाही तिथे. आमच्या गल्लीत गवत म्हणजे गटाराच्या कडेला उगवतं तेवढंच. रिक्षावाले तीन कुत्री बघून पुढे निघून जायचे. ताईने दादाला एकदा विचारलं, गाडी चालवशील का, मग पुन्हा विचारलं. शेवटी एके दिवशी जेवताना त्याने मान वर न करता विचारलं, "गाडी कुणाची?"

गाडी पार्लरची, कुत्री ने-आण करायची व्हॅन. सुट्टीच्या दिवशी मालक ती द्यायला तयार झाला. पहिल्या दिवशी दादाने ती इतकी सावकाश चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून थकले आणि शिव्या देत पुढे गेले. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तळ्याकाठी पोहोचल्यावर दार उघडलं तर तिघांपैकी एकही खाली उतरेना. भाऊ-बहीण तासभर गवतावर बसले, कुत्री गाडीत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तसेच परत आले. पण पुढच्या सुट्टीला सकाळी ताई उठली तेव्हा दादा खाली व्हॅनच्या काचा पुसत होता.

मग ते निघायचेच. आधी तळं, मग नदीचा वाळूचा काठ, मग लांबचे डोंगर. एक जुना तंबू मिळवला. शेंबड्या पाण्यात उतरायला शिकला. म्हातारी पिशवीत बसून डोंगर चढायची, तोंड तेवढं बाहेर. काजळ मात्र धावायला शिकली, आणि शिकली ती अशी की आयुष्यभराचं धावणं साठवून ठेवलं होतं जणू. गाडीत तिची जागा दादाच्या शेजारी. तो तिला सांगत गाडी चालवायचा, आता उजवीकडे वळतोय हं, आता खड्डा येतोय, घट्ट बस. ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली होती. म्हणाली, "त्याचा आवाज ऐकला मी. मी विसरूनच गेले होते कसा होता तो."

ती सगळी मिळून एका ऋतूची गोष्ट. त्यापेक्षा जास्त नाही.

हिवाळा संपता संपता ते एका डोंगराच्या पायथ्याशी गेले. तिथे तंबू ठोकायला जागा भाड्याने मिळते, पुढे सगळं उघडं माळरान. दादाने काजळच्या पट्ट्याची दोरी सोडली, नेहमीसारखी. ती लांब पळायची आणि शीळ ऐकली की परत यायची. त्या दुपारी डोंगरापलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला. ताई सांगते, आवाज कानांच्या आधी पायांना कळला. शेंबड्या गाडीखाली शिरला. काजळ मात्र माळावरून सरळ पळत सुटली. दादा शीळ घालत मागे धावला. काळा ठिपका लहान होत गेला आणि झुडपांमध्ये दिसेनासा झाला.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशीही. खाणीतल्या लोकांना विचारलं, मेंढपाळांना विचारलं. एकजण म्हणाला कोकरासारखं काहीतरी काळं बघितलं, ते कोकरूच निघालं. तंबूपाशी परत आल्यावर दादा जमिनीवर बसला. म्हणाला, "दुसऱ्यांदा झालं हे माझ्या हातून."

ताई तेव्हा दोन दिवसांची उपाशी, पाय सोललेले. तिने म्हणायला हवं होतं की तुझी काय चूक. आधीच्या वेळी तिने ते शंभरदा म्हटलं होतं. या वेळी तिच्या तोंडून गेलं, "मी दोरी सोड म्हटलं नव्हतं."

दादाने मान हलवली. एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं, ती मला म्हणाली.

तिला कामावर यायचं होतं. दादा म्हणाला, मी एक-दोन दिवस थांबतो, बघतो. तंबूच्या जागेच्या मालकाने व्हॅन आणि तिला गावात पोहोचवायला माणूस दिला. दादा आठवडाभराने घरी आला, काजळचा फोटो छापून घेऊन गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. मग एकदा आला तो कपडे न्यायला. तंबूच्या जागेवर राखणदार हवा होता, त्याने ते काम धरलं होतं. राहायला एक खोली, पत्र्याची. ताईने पिशवी धरून ठेवली. तो म्हणाला, "छोटे, सोड. इथे बसून मला तिला शीळ घालता येत नाही."

त्यानंतर ताई गाडी शिकली. पन्नाशीत, शिकवणाऱ्याचे टोमणे खात, दोनदा परीक्षेत नापास होऊन. सुट्टीला म्हातारी आणि शेंबड्याला घेऊन ती एकटीच डोंगराकडे जायची. दादा वाळला होता, दाढी वाढली होती. रोज सकाळी झाडलोट करण्याआधी तो माळाच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. काजळ सापडली नाही. तिचा पट्टाही नाही, हाडही नाही. तरस असतात तिकडे, मेंढपाळ सांगायचे. दादा त्यांचं ऐकून घ्यायचा आणि सकाळी पुन्हा जायचा.

ताईने एकदा धीर करून विषय काढला. ते बोलायला नको होतं मी, म्हणाली. दादा चुलीत काटक्या घालत होता. "खरंच होतं की ते," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही माझा. पण घरी चल म्हणू नकोस." तिने त्यानंतर म्हटलं नाही.

पुढच्या थंडीत म्हातारी झोपेतच गेली. ताईने मला विचारलं, येतेस का बरोबर, एकटीने नाही जमणार. मी गेले. ताई म्हातारीला मांडीवर घेऊन दाराला टेकून बसली होती, म्हणून जाताना गाडी मी चालवली. दादाला मी पहिल्यांदाच बघत होते. त्याने आधीच खड्डा खणून ठेवला होता, खोल, कोल्ह्यांनी उकरू नये असा. त्याने तिला उचललं तेव्हा म्हणाला, काही वजनच नाही हिला. वर दगड रचले. शेंबड्या एका डोळ्याने बघत होता आणि शिंकत होता. दादाने चहा केला, फार गोड. आम्ही तिघांनी तो पायरीवर बसून प्यायला, माळाकडे तोंड करून. आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघंही एकाच दिशेला बघतोय आणि तिकडे काही नाहीये.

निघताना ताई स्टिअरिंगला बसली. दादाने सवयीने व्हॅनभोवती चक्कर मारली, चाकांना पायाने ठोकून बघितलं. डाव्या मागच्या चाकात हवा कमी होती. खोलीतून पायपंप आणला आणि दम लागेपर्यंत मारत राहिला. मी म्हटलं, मी करते, तर ऐकेना. ताई आरशात त्याच्याकडे बघत बसली होती. हवा भरून झाली तरी तिने लगेच गाडी सुरू केली नाही.

"बस झाली," दादा म्हणाला. "नीट जा."