मामांचा स्थिर काटा

होसूरच्या दिव्यांच्या कारखान्यात मला काम मिळालं ते इंदापूरच्या मामांमुळं, हे आधी सांगते. नववीत शाळा सुटलेल्या मला एरवी कोण विचारणार होतं? मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, रिटायर वायरमन. पाहुण्याला चहाच्या आधी हातात ट्रान्झिस्टर देणारा माणूस आख्ख्या तालुक्यात हा एकच.

दिव्यातला करंट कायम सारखा ठेवणारं सर्किट त्यांना करायचं होतं. "ठिबकच्या नळीत पयल्या डाळिंबाला आन् शेवटच्या डाळिंबाला सारखंच पाणी पडतंय का न्हाय? तसं," म्हणायचे. बॅटरी भरलेली असो की उतरलेली, दिवा एक असो की तीन, मीटरचा काटा हलता कामा नये. तेवढं जमलं. अडलं ते उबेपाशी. ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ नव्हे, सर्किटमधला करंट आवरणारा हरभऱ्याएवढा तुकडा; तो नुसता दोन बोटांत धरला तरी तापायचा आणि काटा वर सरकायचा. मग जो येईल त्याच्या बोटांत तो देऊन मामा आकडा कॅलेंडरच्या पाठीमागं लिहायचे. गॅसवाला, दूधवाला, सगळ्यांचे आकडे आहेत तिथं. वडगाव निंबाळकरहून आत्याच्या धाकटीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या हातात काटा भलताच चढला. मामा शांतपणे म्हणाले, "पावणं, आधी ह्याला डॉक्टरकडं न्या. पोरगी कुठं पळून जात न्हाय." मुलाला खरंच ताप होता. लग्नही झालं.

प्रयोग चालू असला की पंखा बंद, मग मे महिना का असेना. "आमी घामानं न्हातोय, आन् ह्यांच्या ट्रान्झिस्टरला वारं लागंल म्हणं," असं पुटपुटत आत्या पदरानं वारा घ्यायची, तर मामा तिला पदरही हलवू द्यायचे नाहीत.

शाळा सुटल्यावर मी निरवांगीहून त्यांच्याकडं राहायला गेले होते. सर्किटला डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायला, त्यांनीच शिकवलं. होसूरला कामावर घेण्याआधीच्या परीक्षेत माझ्यापुढं एक बिघडलेला बोर्ड ठेवला, तेव्हा भीतीनं माझे हात गार पडले होते. ते चोळून गरम केले, एकेका ट्रान्झिस्टरला बोट लावलं, आणि एकापाशी मीटरवर करंट भलताच सरकला. बिघाड तिथंच होता.

गेल्या सुट्टीत गेले तेव्हा मामा अर्धांगानं अंथरुणावर होते. श्रीखंडाच्या डब्यात बसवलेलं सर्किट उशाशी होतं. "मीटर लाव," म्हणाले. मी त्यांच्या लुळ्या बोटांत ट्रान्झिस्टर दिला. काटा हलला नाही.

"न्हाय हलला?"

"न्हाय, मामा."

बोटं इतकी गार होती, हलणार कसा? त्यांनाही शंका आली असावी. "आता तू धर."

माझा हात ऊन होता. मी ट्रान्झिस्टर सोडून शेजारच्या तारेला बोटं लावली. त्यांची नजर मीटरवरच होती. काटा जागच्या जागी.

"झालं बघ, पोरी," मामा म्हणाले, आणि आत्याला सांगितलं, "लाव आता पंखा."

आत्यानं पंखा लावला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

त्यानंतर आठवड्यातच मामा गेले. मी होसूरला होते. डबा आता माझ्याकडं आहे. रविवारी खोलीतला पंखा बंद करून बसते. सोबतच्या मुली चिडतात. मामा, मी तुम्हाला खोटं दाखवलं. कुणीही धरलं तरी काटा हलणार नाही असं सर्किट मी एक दिवस करीनच. इंदापूरला येऊन आधी ते आत्याच्या हातात देईन, आणि कॅलेंडरवर तुमच्या अक्षराखाली तिचा आकडा लिहीन.