दोन गाठींचं लाल टोपण

बाईंना घरात, गल्लीत आणि कामावर एकच नाव होतं: 'बघूनयेते'. दाराला कुलूप लावून चार पावलं गेल्या की थांबायच्याच. "जरा बघून येते हं." गॅस बंद केला ना, नळ गळत नाही ना, इस्त्रीची पिन काढली ना. नवरा कोपऱ्यावर पिशवी धरून उभा, आणि बस त्याच्या नाकासमोरून निघून जायची. "माझं अर्धं आयुष्य इथं गेलं," तो म्हणायचा, "या कोपऱ्याला माझं नाव देऊन टाका." सासूबाईंनी तर हातच टेकले होते. "हिला स्वर्गात नेलं ना, तरी दारातून परत येईल. गॅस बघायला!"

हसा, खुशाल हसा. पण याच खोडीवर बाईंनी नाव कमावलं, बरं का.

त्यांचा विषय घन पदार्थांचं रसायनशास्त्र. म्हणजे काय, ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणीला त्या "दगडांची डॉक्टर आहे" म्हणून सांगायच्या. तसं अगदीच चूक नव्हतं. स्फटिकात अणू रांगेनं बसलेले असतात, एखादा परका मध्ये घुसला की सगळी रांग बिघडते, आणि तो परका शोधून काढणं हे बाईंचं काम. पहिली नोकरी चिप बनवणाऱ्या कारखान्यात, भट्टी विभागात. तिथला मोठा वैरी म्हणजे मीठ. माणसाच्या घामातलं मीठ, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतकं, सिलिकॉनच्या चकतीवर बसलं की चिप आज चालते आणि उद्या मान टाकते. एकदा तिथं मालच्या माल वाया जायला लागला. साहेबांनी आम्ल बदललं, भट्ट्या बदलल्या, मग एकमेकांच्या डोक्यावर खापर फोडायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "बघून येते," आणि भट्टीपाशी स्टूल टाकून बसल्या. तेव्हा दिसलं, की चकत्यांचं तबक आत सरकवण्याआधी तिथला एक जुना कामगार हळूच हातमोजा खाली ओढून तबकाला मनगट लावतोय. बाळाचं दूध फार गरम नाही ना, हे बघतात ना, तसं. तबक नीट कोरडं झालंय का, एवढंच त्याला बघायचं होतं. काळजीपोटीच करत होता बिचारा, आणि त्याच काळजीनं सगळा घोळ घातला होता.

पुढं कारखान्याला टाळं लागलं आणि बाई ग्रहांवर पाठवायच्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत आल्या. तिथं त्यांनी तळहातावर मावेल एवढी एक पेटी केली. दुसऱ्या ग्रहावरच्या दगडाला ही पेटी टेकवायची, की दगडात काय काय आहे ते ती सांगणार. पेटीचा डोळा म्हणजे स्फटिकाची एक पातळ चकती, बाईंनी स्वतः वाढवलेली, पोटच्या पोरीसारखी जपलेली. डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून त्यावर एक लाल टोपण असायचं. दगडातून येणारे किरण इतके दुबळे, की टोपण राहिलं तर पेटी आंधळी. म्हणून पेटी बंद करताना ते न विसरता काढायचं. टोपणाला ओढायला दोरा होता. खऱ्या पेटीच्या टोपणाला बाईंनी दोऱ्याच्या दोन गाठी मारल्या होत्या. एका गाठीवर यांचा विश्वास बसेल तर शपथ!

पेटी बंद करायच्या दिवशी सोबत होते पानादादा, प्रयोगशाळेचे फिटर. कायम हातात पाना, तोंडात थट्टा. नियम असा, की एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं बघायचं. बाईंनी टोपणाकडे हात नेला, आणि तेवढ्यात खोलीची हवा गाळणाऱ्या पंख्याचा धोक्याचा भोंगा कोकलला. सगळ्यांनी माना वळवल्या. कुणाचं काही बिघडलं नव्हतं, भोंगाच खुळा. मग दादांनी झाकणाचे स्क्रू आवळले, दोघांनी सह्या केल्या, आणि पेटी यानाच्या पोटात गेली.

यान उडालं त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते. बाईही वाजवत होत्या. वाजवता वाजवता हात थांबले. टोपण काढलं ना?

भोंग्याआधीचं आठवत होतं, स्क्रू आठवत होते, मधलं सगळं कोरं. बोटांना आठवत होतं खरं टोपण काढल्याचं. पण नमुन्याच्या पेटीवर इतक्यांदा सराव केला होता, की बोटांचा काय भरवसा? फोटो पाहिले, तर ते पलीकडच्या बाजूनं काढलेले. टोपणांचा खण उपसला. लाल टोपणांचा ढीग होता, दोन गाठींचं एकही नव्हतं. साहेब म्हणाले, "बाई, दोघांच्या सह्या आहेत. घरी जा, झोपा." झोप कसली लागते! जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट अशी होती, की जी परत जाऊन बघून येता येत नव्हती.

विचारायचं तर दादांना. पण यान उडायच्या आठवड्यातच दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एकच शब्द: "नाही." पाणी हवं तरी नाही, नको तरी नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, फक्त तोंडातून दुसरं काही निघत नाही.

बाईंनी दादांच्या घरी जाऊन, खाटेशी बसून विचारलं, "दादा, टोपण काढलं होतं ना आपण?"

"नाही."

दादांचा डावा हात उठला, वर गेला. "नाही, नाही, नाही!" दादांची बायको, वहिनी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. "रेडिओ हवाय त्यांना," म्हणाल्या आणि फळीवरचा रेडिओ लावून गेल्या. दादांनी डोळे मिटून घेतले.

यान वाट कापत होतं आणि बाई दादांकडे जात राहिल्या. दर वेळी तोच प्रश्न, तेच "नाही", तोच वर गेलेला हात, तोच रेडिओ. शेवटी दादांना त्रास होतो म्हणून बाईंनी विचारणं सोडलं. डॉक्टरांचं बोलणं त्यांना पटत होतं, तरी तो शब्द काळजात रुतून बसला होता. घरी त्या गॅस बघायलाही परत जाईनाशा झाल्या. नवरा कोपऱ्यावर थांबून मागं बघायचा आणि त्याला भीती वाटायची.

यान उतरलं. पेटी उद्या सुरू होणार होती. बाईंना घरी बसवेना, कामावर बसवेना; त्या दादांकडे गेल्या.

"दादा, उद्या आहे," त्या म्हणाल्या. "आता विचारत नाही."

दादांचा हात उठला. वहिनी नेहमीप्रमाणे फळीकडे निघाल्या.

"वहिनी, थांबा," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "मी बघून येते."

स्टुलावर चढून त्यांनी रेडिओ बाजूला केला. मागं धुळीत लाल टोपण होतं. दोऱ्याला दोन गाठी.

"अगं बाई, ते होय!" वहिनी म्हणाल्या. "आजारी पडायच्या आधी घेऊन आले होते. म्हणाले, यान उडालं की पार्टीत बाईंना द्यायचंय, जरा गंमत करायचीय. मला वाटलं, कुठल्या बाटलीचं झाकण."

बाई स्टुलावरच बसल्या. आनंद झाला, पण त्याच्या आधी लाज वाटली. हा माणूस पहिल्या दिवसापासून बोट दाखवून उत्तर देत होता. आणि आयुष्यभर बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. नुसता शब्द ऐकून घरी जात होत्या.

त्यांनी टोपण दादांच्या डाव्या मुठीत ठेवलं आणि मूठ दोन्ही हातांत धरली. रडू आवरेना.

"रागावलात ना माझ्यावर?"

"नाही," दादा म्हणाले. या वेळी त्यांना तेच म्हणायचं होतं.