जनाकाकांच्या शेजारची सीट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्या माणसाला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं मला अजून सापडलेलं नाही.

मी बातमीदार आहे. राहतो कल्याणला, शहाडच्या बाजूला. आमच्या दैनिकाचं कार्यालय ठाण्यात, नौपाड्यात. महापालिका, रस्ते आणि वाहतूक हे माझे विषय. आमच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात – बातमीदाराने बातमीचा भाग व्हायचं नाही. अपघात आपल्या डोळ्यांसमोर झाला तरी आपण ‘प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’ असंच लिहितो. बातमीत ‘मी’ नसतो. नियम चांगला आहे. नव्या मुलांना मी तो अजूनही शिकवतो, आणि शिकवताना दर वेळी माझा आवाज जरा जास्तच ठाम होतो. का होतो, ते इतर कुणाला कळण्याचं कारण नाही.

माझी मुलगी ईरा तेव्हा सहावीत होती. तिला शाळेत नेणारी पांढरी व्हॅन जनाकाकांची. नाव जनार्दन, शहाडजवळच्याच गावातले, आगरी. वडिलांची शेती होती तिथे आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीतली पोरं ते शाळेत न्यायचे. व्हॅन चालवताना ते फोन घेत नसत. पुढच्या सीटवर ईरा बसायची, त्यांचा फोन तिच्याकडे असायचा, आणि वाजला की ती मोठ्या बाईसारखी सांगायची, “काका गाडी चालवतायत. नंतर करा.” घरी त्याची नक्कल करून ती आम्हाला हसवायची. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या वर्षी मी ‘चालकाचे हक्क’ असं एक छोटं सदर लिहीत होतो. पोलिसाने गाडी थांबवली तर थांबा, कागद दाखवा, हुज्जत घालू नका. पण किल्ली काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही. दंड मान्य नसेल तर तो न भरता न्यायालयात दाद मागता येते. आकसाने कारवाई होतेय असं वाटलं तर पोलिसाचं नाव आणि बिल्ला क्रमांक टिपून घ्या, वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा, आणि सोबत कुणी असेल तर साक्षीदार म्हणून त्याचं नाव द्या. हे शेवटचं वाक्य माझंच. उपसंपादकाने जागेअभावी कापलं होतं, मी भांडून परत घालून घेतलं.

जनाकाकांनी ते कात्रण व्हॅनमध्ये डोक्यावरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेला लावलं. मला म्हणाले, “दादा, तुमचा कागद लावलाय बगा. गणपतीच्या फोटोच्या बाजूला.” मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू – खूपच बरं वाटलं.

मग ती सकाळ. शाळेत पालकसभा होती आणि माझी स्कूटर बंद, म्हणून मी व्हॅनमधूनच निघालो. ईरा मागे पोरांत, मी पुढे, जनाकाकांच्या शेजारी. वाटेतल्या एका चौकात हवालदाराने हात केला. चौकाचं नाव लिहीत नाही. त्याने काही विचारायच्या आधीच खिडकीतून हात घालून किल्ली काढली. जनाकाका शांतपणे म्हणाले, “साहेब, कागद सगले हायेत, दाखवतो. गारी बाजूला घेतो. पन किल्ली तुमाला काढता येत नाय.”

“अच्छा! वकील झालास? कुणी शिकवलं रे?”

जनाकाकांनी आधी वरच्या कात्रणाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. अभिमानाने पाहिलं त्यांनी – मदत मागणारी नजर नव्हती ती. शेजारी खुद्द लिहिणारा बसलाय, आता काय काळजी, अशी.

मी फोन काढला आणि त्यात बघत राहिलो. स्क्रीनवर काही नव्हतं.

हवालदाराने कागद पाहिले. त्यात काही सापडलं नाही. किल्ली जनाकाकांच्या मांडीवर टाकून तो म्हणाला, “जा. आता रोज याच चौकातून जायचंय ना तुला? रोज तुझा फोटो काढतो. मग वाच तुझा पेपर.” हे शब्द मी स्वतः, हाताच्या अंतरावरून ऐकले. मागे पोरं खिदळत होती, “काकांनी पोलिसाचा क्लास घेतला!” जनाकाकाही हसले. मीसुद्धा हसलो, पण चौक मागे पडल्यावर.

हवालदाराने शब्द पाळला. सिग्नल तोडला, पट्टा लावला नाही, चुकीच्या जागी थांबला – जनाकाकांच्या फोनवर दंडाचे संदेश येऊ लागले, सगळे त्याच चौकातले. मग ‘वाहन चालवताना मोबाइलवर बोलणे’ असाही आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. जेवताना ईरा म्हणाली, “बाबा, असं कसं? काकांचा फोन तर माझ्याकडे असतो. तुम्ही पेपरात लिहा ना.” मी म्हणालो, “बघू.” मेघना, माझी बायको, माझ्याकडे पाहत होती. मी भात वाढून घेतला.

एका रविवारी जनाकाका आमच्या इमारतीखाली आले. वर या म्हटलं तर आले नाहीत. परवाना निलंबित का करू नये, अशी नोटीस त्यांना आली होती. व्हॅन चालवण्याखेरीज दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि परवाना गेला की व्हॅन म्हणजे नुसता पत्रा. “वरच्या साहेबांकं अर्ज दिलाय,” ते म्हणाले. “तुमी लिवलेलंत तसाच. साक्षीदारात तुमचं नाव टाकलंय. चालंल ना, दादा?”

मी म्हणालो, “पोरांनीही पाहिलंय की सगळं.”

“पोरांना कनाला घुसवाचं यात? नको. तुमी पेपरात काय पन लिवू नका. मना फकस्त येवढंच पायजे – कोनी विचारलं तर सांगा, मी गारीत होतो.”

“हो,” मी म्हणालो. “सांगेन ना.”

आता इथे मला थांबावंसं वाटतं. आतापर्यंतचं सगळं भित्रेपणात बसतं, नाही का? फोनमध्ये बघणं, भात वाढून घेणं. असं पुष्कळांकडून होतं. इथेच थांबलो तर तुम्ही मला थोडं समजूनही घ्याल. म्हणूनच पुढचं सांगायला हवं.

अर्ज ज्यांच्याकडे गेला त्या अधिकाऱ्याला मी चांगला ओळखत होतो. आमची ओळख कशी, तेही सांगतो, कारण ती या धंद्यातली नेहमीची आहे. संध्याकाळी चौकीवर चहा. त्यांनी बातमीदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केलेला. अपघात झाला, रस्ता बंद झाला, कुणाला पकडलं की पहिला फोटो तिथे पडायचा. ग्रुपमधून काढलेल्या बातमीदाराला दुसऱ्या दिवशी बाकीच्यांच्या पेपरात बातमी वाचावी लागते आणि संपादकासमोर मान खाली घालावी लागते. हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिलं होतं. शिवाय माझी स्कूटर एकदा टोइंगवाल्यांनी उचलली तेव्हा मी याच अधिकाऱ्याला फोन केला होता आणि ती दंड न भरता तशीच उतरवून मिळाली होती. ‘चालकाचे हक्क’ लिहिणाऱ्या माणसाची स्कूटर.

त्यांचा फोन आला तेव्हा मी खोपटला एसटी डेपोसमोर उभा होतो. तिथल्या खड्ड्यांची बातमी करत होतो.

“काय पत्रकार, चहाला येत नाही हल्ली! रुसलात काय?”

मी काहीतरी म्हणालो. ते हसले. मग म्हणाले, “अहो, तो एक व्हॅनवाला आहे. अर्ज घेऊन आलाय. आमच्या एका हवालदार पोरावर आरोप आहेत, आणि साक्षीदार म्हणून चक्क तुमचं नाव टाकलंय. मी म्हटलं, विचारून तर घेऊ. होतात का हो तुम्ही गाडीत?”

एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यांनी धमकी दिली नाही. ग्रुपचं नाव काढलं नाही, स्कूटरची आठवण करून दिली नाही. आवाजात दमही नव्हता. मी ‘होतो’ म्हणालो असतो तर कदाचित त्यांनी ते लिहूनही घेतलं असतं. मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची संधी होती.

मी म्हणालो, “नाही.”

आणि मग – हे मी इतकी वर्षं स्वतःशीही पूर्ण उच्चारलेलं नाही – मग मी, त्यांनी काही विचारलेलं नसताना, पुढे म्हणालो, “माझ्या मुलीच्याच शाळेची व्हॅन आहे ती. माणूस जरा भांडखोर आहे.”

भांडखोर. ज्याने ‘साहेब’ म्हणून किल्ली परत मागितली त्या माणसाला. माझा एकेक शब्द तोलून मापून लिहिलेला असतो, असं ऑफिसात म्हणतात. हाही शब्द मी निवडलाच होता. नुसतं ‘नाही’ उघडं पडलं असतं. त्याला टेकू हवा होता. त्या क्षणी मला भीती वाटत होती का? नाही. तोवर भीती संपली होती. मला हलकं वाटत होतं. चहाला येतो म्हणालो, फोन ठेवला आणि खड्ड्यांचे फोटो काढले.

अर्ज ‘तथ्य आढळले नाही’ म्हणून निकाली निघाला. जनाकाकांचा परवाना निलंबित झाला. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, “मोबाइलवर बोलत गाडी चालवतात म्हणे, मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, दुसरी व्हॅन बघितलेली बरी.” बाकीच्यांनी अंगठे टाकले. मीही टाकला. न टाकता आला असता. ईरा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही; तिला अंगठ्याचंच कळलं होतं, त्या अधिकाऱ्याच्या फोनचं नाही.

काही महिन्यांनी मी आकसाने होणाऱ्या दंडावर एक मोठा लेख लिहिला. तक्रार कुठे करायची, पुरावा कसा जपायचा, साक्षीदार का महत्त्वाचा – सगळं त्यात होतं. ‘कल्याणमधील एका व्हॅनचालकाने’ असा उल्लेखही होता. ‘मी’ अर्थातच नव्हता. त्या लेखाचं कौतुक झालं. रिक्षाचालकांचे फोन आले, एकाने तर पेढे आणून दिले. त्या अधिकाऱ्यांनीही ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं. पेढे मी ऑफिसात वाटले.

निलंबन संपेपर्यंत जनाकाकांच्या व्हॅनला पोरं उरली नव्हती. त्यांनी ती विकली. आता ते त्यांच्याच जुन्या जमिनीवरच्या एका इमारतीत वॉचमन आहेत, गेटवर निळ्या शर्टात. गेल्या महिन्यात एका बातमीसाठी मी त्या इमारतीत गेलो. मला पाहून ते उठले, रजिस्टरमध्ये माझं नाव लिहायलाही त्यांनी लावलं नाही. “दादा, तुमाला कनाला?” म्हणाले. ईराची चौकशी केली. बारावीला आहे म्हटल्यावर हसून म्हणाले, “अजून फोनवर तशीच बोलते का?”

मग बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला बसायला जागा केली. मी बसलो. पुन्हा त्यांच्या शेजारीच. समोरून गाड्या जात होत्या. तो विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. कुठलीशी जुनी गोष्ट सांगावी तसं, गाड्यांकडे बघत म्हणाले –

“तवा त्यांनी तुमाला विचारलंच नसंल, दादा. विचारलं असतं तर तुमी सांगितलंच असतं.”

मी हो म्हणून मान हलवली.

त्यांनी मला विचारलं होतं.