नववा ठिपका

आमच्या आत्याबद्दल गल्लीत अशी आवई होती की ती कांबळ्याखाली शिरून मोटारसायकलींवर मंत्र टाकते, आणि तशी गाडी चोराने नुसती ढकलली तरी त्याचा हात लुळा पडतो. खालच्या मजल्यावरच्या काकू तर गळ्याला हात लावून सांगायच्या, "माझ्या कानांनी ऐकलंय गं! सात, शून्य, चार... असं काहीतरी पुटपुटत होती. अंगावर काटा आला माझ्या."

काकूंनी ऐकलं ते बरोबर, बाकी सगळं चूक. आत्या गॅरेजमध्ये गाड्यांवर न दिसणाऱ्या खुणा करते. बोटाच्या पेराएवढी बाटली, तिच्यात पाण्यासारखं औषध, त्यात धुळीसारखे बारीक कण, आणि प्रत्येक कणावर आकडा छापलेला. एक बाटली, एक आकडा, एक गाडी. फॉर्मवर आठ जागा ठरलेल्या असतात, तिथे ब्रशने एकेक ठिपका ठेवायचा. वाळला की काही दिसत नाही. निळा दिवा धरला की ठिपका हिरवा चमकतो आणि भिंगातून आकडा वाचता येतो. पण भर उजेडात चमक कुठली दिसायला? म्हणून कांबळं. आणि आकडा मोठ्याने वाचायचा अशासाठी की आत्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. तिला कानांचीही साक्ष लागते.

घरातसुद्धा तेच.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"बघितलास?"

"बघितला गं आत्या."

"बंद दिसला, की बंद होता?"

यावर काय बोलणार? आपणच उठून पुन्हा बघून यायचं. गॅरेजमधले मिस्त्री तिला 'खातरी' म्हणतात. "खातरीबाई, माझं नाक जागेवर आहे का बघा हो जरा." ती खरंच वर बघते.

अशी ही बाई आयुष्यात एकदाच न बघता सही करून बसली, आणि तीही कुलूपवाल्या काकांच्या गाडीवर.

कुलूपवाले काका म्हणजे चालताबोलता भोंगा. प्रश्न तेच विचारणार, उत्तर तेच देणार. त्या दिवशी गाडीला खुणा करून घ्यायला आले आणि आत्याच्या डोक्याशी उभे राहिले. "दिसत नाही ती खूण कसली? उद्या मी न दिसणारं कुलूप विकीन, लोक घेतील का? नाही घेणार! अजून किती वेळ? तिकडे एक माणूस स्वतःच्याच घराबाहेर उभा आहे, मी नाही गेलो तर कोण जाणार? कोणीच नाही!" शेजारी शाळेतल्या मास्तरांची गाडी उभी होती. तीच कंपनी, तोच काळा रंग, तेच वर्ष. दोन बाटल्या, दोन ब्रश, आणि कानाशी हा भोंगा. आत्याने कांबळं उचललं तोवर काकांनी गाडीला किक मारलीसुद्धा. फॉर्मवर छापलेलं होतं, 'आठही जागा दिव्याखाली तपासल्या.' त्याखाली आत्याने सही केली.

दोन महिन्यांनी काका एका आजींचं कपाट उघडायला तिसऱ्या मजल्यावर गेले. कपाट उघडलं, खाली आले, तर गाडी गायब.

कुलूपवाल्याचीच गाडी चोरीला गेली म्हटल्यावर गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पेपरवालासुद्धा विचारायचा, "काका, कुलूप लावायचं राहिलं का हो?" पण मग हसू ओसरलं. काका अवजारांची लोखंडी पेटी खांद्यावर टाकून पायी फिरायला लागले. लांबची कामं हातातून गेली. एकदा जिन्यात भेटले तेव्हा पेटी खाली ठेवून नुसते उभे होते. मी वाट बघितली, पण प्रश्न आला नाही आणि उत्तरही नाही. 

तिसऱ्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून गॅरेजला फोन आला. एक गाडी सापडली होती. रंग लाल केलेला, इंजिनवरचा नंबर घासून काढलेला. ती ज्याच्याकडे मिळाली तो म्हणतो, कागद आहेत, गाडी माझी. कुलूपवाले म्हणतात, माझी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता खूण करणाऱ्या बाईंनी दिवा घेऊन यावं.

आत्या घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. "बाई गं," ती म्हणाली, "मी त्यांच्या गाडीवर ठिपके ठेवले, की दोन्ही बाटल्या मास्तरांच्याच गाडीवर रित्या केल्या?"

इतका वेडगळ घोळ दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार? रंगाऱ्याने एकच भिंत दोनदा रंगवली तर निदान दिसते तरी.

"मग मास्तरांची गाडी बघू या की," मी म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी आम्ही कांबळं घेऊन मास्तरांच्या दारात. मास्तर घरातही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखेच बोलतात. "पहिला मुद्दा, ही तपासणी मोफत आहे काय? दुसरा मुद्दा, मोफत असल्यास का आहे?"

"मोफत आहे आणि सहज आहे," आत्या म्हणाली आणि कांबळ्यात शिरली. पाठोपाठ मी.

आत तेलाचा आणि रबराचा वास, आणि आत्याचा धापा टाकणारा श्वास. टाकीवर एक ठिपका, मास्तरांचा आकडा. मडगार्डवर एक, मास्तरांचाच. चाकावर एक. मला हायसं वाटायला लागलं होतं. मग हँडलखालच्या मानेवर दिवा गेला आणि तिथे एकाला एक चिकटून दोन हिरवे डोळे चमकले. आत्याने भिंग लावलं. "सात, शून्य, चार," ती वाचत होती, आणि आवाज खाली खाली जात होता. काकांचा ठिपका मास्तरांच्या गाडीवर!

"तिसरा मुद्दा," बाहेरून आवाज आला, "आत नेमकं काय चाललं आहे?"

उरलेल्या सगळ्या जागा आत्याने दोनदोनदा बघितल्या. दुसरा ठिपका कुठेच चुकलेला नव्हता. शेवटी ती जमिनीवर आडवी झाली आणि तिने साइड स्टँडच्या आतल्या बाजूला, स्प्रिंगच्या वर, दिवा धरला. तिथेही एक ठिपका होता, मास्तरांचा.

"ही जागा तर फॉर्मवर नाहीच," मी म्हटलं.

"नाही. ब्रशला उरतं ना थोडं, ते फुकट कशाला घालवायचं? तिथे पुसते."

परत येताना घराच्या कोपऱ्यावर थांबून आत्या म्हणाली, "मान सोडली तर बाकी सात त्यांच्या गाडीवर असतील. असायला हवेत. पण चोरांनी काय काय बदललं असेल, देव जाणे. नववा मात्र आहे."

"स्टँडवरचा? इतक्या घाईत? काका किक मारत होते आत्या. आठाचा पत्ता नाही आणि तू नवव्याचं बोलतेस."

"आठ मी डोक्याने ठेवते," आत्या म्हणाली. "ब्रश पुसते ती हाताने. लाव पैज."

मी थक्क झाले. गॅस बंद आहे की नाही यावर जिची पैज लागत नाही, ती बाई! मला वाटलं, घाबरून बडबडतेय. म्हटलं, "लावली. हरलीस तर महिनाभर मला काहीही दोनदा विचारायचं नाही."

"आणि गल्लीभर सगळ्यांच्या नकला करत फिरतेस ना, तू हरलीस तर आठवडाभर कोणाची नक्कल करायची नाही. एकाचीही नाही."

गुरुवारी ठाण्याच्या मागच्या खोलीत खिडक्यांना पुठ्ठे लावून अंधार केला होता. मधोमध ती लाल गाडी. एका बाजूला कुलूपवाले काका, पेटी पायाशी. दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या कपड्यांतला कागदवाला. साहेब फॉर्म घेऊन एकेक जागा पुकारत होते आणि आत्या दिवा धरत होती.

"टाकी?"

काळोख. टाकी बदललेली.

"पुढचं मडगार्ड?" तेही बदललेलं. मागचं, तेही. चाकं दुसरीच. सांगाड्यावरच्या जागा घासून वर जाड रंग थापलेला. कागदवाल्याने खिशातून रुमाल काढून सावकाश मान पुसली.

"हँडलखालची मान?"

तिथे चोरांनी हातही लावला नव्हता. जुना काळा रंग तसाच होता. आठातली तेवढी एकच जागा शाबूत, आणि तिथला ठिपका होता मास्तरांच्या अंगणात! काका अंधारात एवढंच म्हणाले, "नाही का?"

साहेबांनी फॉर्म खाली ठेवला. "बाई, आठही जागा दिव्याखाली तपासल्या, असं तुम्ही लिहून दिलंय."

इथे सारवासारव केली असती तरी कोणाला कळणार होतं?

"तपासल्या नव्हत्या साहेब," आत्या म्हणाली. "न बघता सही केली, माझी चूक. मानेवरचा ठिपका दुसऱ्याच गाडीवर गेलाय, तोही दाखवते. पण अजून एक नववी जागा आहे, ती बघू द्या."

"वा!" कागदवाला उसळला. "आठ सापडेनात, आता नववी काढली! उद्या दहावी काढतील. साहेब, हा काय पोरखेळ आहे?"

साहेबांनी क्षणभर दोघांकडे बघितलं. "बघा," ते म्हणाले.

आत्या फरशीवर आडवी झाली. दिवा स्टँडच्या मागे गेला. चिखल होता. तिने पदराने पुसला. काहीच नाही. पुन्हा पुसला. मी श्वास धरून उभी, आणि खरं सांगते, आपण पैज हरावी म्हणून मनातल्या मनात हात जोडले होते.

मग स्प्रिंगच्या वर, मोहरीएवढं हिरवं काहीतरी उजळलं.

"भिंग," आत्या म्हणाली. तिने वाचायला सुरुवात केली, आणि साहेब फॉर्मवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. "...सात. शून्य. चार." मग तिने साहेबांना खाली वाकायला लावलं. "तुम्हीही वाचा. मोठ्याने." त्यांनी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. साहेबांनी मुकाट्याने पुन्हा वाचलं.

कागदवाल्याचा रुमाल हातातच राहिला. "मला विकणाऱ्याने तर..." तो म्हणाला. "त्याचंच नाव सांगा आता," म्हणत साहेब त्याला बाहेर घेऊन गेले.

काका पेटीवर मटकन बसले. पेटी गाडीवर चढली ती दोन दिवसांनी, कागदपत्रं झाल्यावर. आत्याला गॅरेजमालकाने चांगलं फैलावर घेतलं आणि तिने ते मान खाली घालून ऐकलं. मास्तरांकडे जाऊन तिने तो जास्तीचा ठिपकाही खरवडून काढला, पाच मुद्द्यांची उत्तरं देत.

आणि रविवारी काका लाल गाडीवरून आमच्या घरी आले. आत्यासमोर उभं राहून, घसा खाकरून, सुरू झाले, "बाई, न दिसणारी खूण खोटी, असं कोण म्हणालं? मीच म्हणालो! मी मूर्ख आहे का? आहे!" अर्धा तास! मधेच डोळे पुसले, मधेच स्वतःलाच टाळी दिली. असलं घबाड जन्मात एकदा हाती लागतं. माझ्या घशात तो आवाज जसाच्या तसा उभा होता, ओठांवर येऊन ढुशा देत होता.

काका गेले. आत्याने दार लावलं, कडी हलवून बघितली, पुन्हा हलवून बघितली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तीनच दिवस झालेत."

मी तोंडावर हात धरून गॅस बघायला गेले.