खोक्यांच्या झाकणावरचं इंग्रजी

मी चौथी शिकलेला माणूस. तीही धड नाही, परीक्षेच्या दिवशी बागेत होतो. पण भाट्याच्या खाडीपलीकडे कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून मी जी हापूसची कलमं लावली, त्यांतलं एकही मेलेलं नाही. तेव्हा मला कुणी शिकवायला आलं की डोकं फिरतं.

आमची ही दहावी पास. आमचा आंबा दुबईच्या एका व्यापाऱ्याकडे जायला लागला, तेव्हा त्याच्याशी फोनवर बोलायचं, मेसेज लिहायचं काम तिने आपणहून घेतलं. साठीची बाई मोबाइलवर व्यापाराच्या इंग्रजीचे धडे ऐकायला लागली. मला सांगायची, सुटे शब्द पाठ करून उपयोग नाही, त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ऑर्डर ‘मेक’ करत नाहीत, ‘प्लेस’ करतात. मी म्हटलं, ज्याला आंबा हवा तो कसाही मागेल.

"कलम करताना तुम्ही खुंटावर कुठलीही काडी बांधता काय?" तिने विचारलं.

मला पटलं. पण शिकलो नाही.

गेल्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात ती गेली.

चैत्रात फळ उतरायला लागलं. पॅकिंगच्या शेडमध्ये आदल्या वर्षीचे उरलेले पुठ्ठे घडी करून ठेवलेले होते. पहिलं खोकं उभं केलं तर आत तिचं अक्षर. झाकणाच्या डाव्या बाजूला ‘प्लेस’, उजव्या बाजूला ‘ऑर्डर’. दुसऱ्यात ‘मीट’ आणि ‘डेडलाइन’, खाली बारीक अक्षरात, दिलेल्या वेळेत माल पोचवणे. अशी चाळीस खोकी निघाली, ती बाजूला ठेवली. दुपारी सगळे पडलेले असताना ही शेडमध्ये काय करते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सगळं मराठी अक्षरांत लिहिलेलं. तिला तर इंग्रजी वाचता येत होतं.

सूनबाई म्हणाली, बाबा, दुबईचं मी बघते. मी नको म्हटलं. रोज जेवण झालं की शेडचं दार ओढून घ्यायचो. खोक्याची उजवी बाजू दुमडायची, डावी वाचायची आणि जोडी आठवायची. तिसऱ्या दिवशी ‘मेक’ लिहिलेली बाजू समोर होती. पुढचं काही केल्या आठवेना. मी म्हटलं, मेक ऑर्डर.

"चुकलात. परत."

मागून आलं. पेटी बांधताना दातात सुतळी धरून ती बोलायची, तसंच. मी वळून पाहिलं नाही. परत म्हटलं, मेक कम्प्लेंट. मग मागे काही नाही, नुसता पेंढा सळसळला. भीती वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण दुसऱ्या दिवशी जेवण लवकर उरकलं.

महिनाभर असं चाललं. चुकलो की मागून यायचं, बरोबर आलं की शांत. एकदा सुनेने विचारलं, कोणाशी बोलत होतात? आंब्यांशी, म्हटलं.

मग दुबईचा फोन आला. मी स्वतः घेतला. माल सोमवारी निघायला हवा होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, वुई विल मीट द डेडलाइन. पलीकडचा माणूस म्हणाला, थँक यू सर.

आणि नव्या खोक्यांची गाडी घाटात बंद पडली. सोमवारी सकाळी टेम्पो दारात उभा, आणि बरोबर चाळीस खोकी कमी.

सून हळूच म्हणाली, "आईंची राहू देत, बाबा. दोन दिवस मागून घेऊ. तो काही नाही म्हणायचा नाही."

"शब्द मी दिलाय," मी म्हटलं. "तिच्या शब्दांत दिलाय."

सुनेने फोटो काढायला मोबाइल काढला. तोही ठेवायला लावला. फोटो काय मागून बोलणार आहे?

चाळीसही खोकी मी स्वतः भरली. खाली पेंढा, त्यावर फळ, परत पेंढा. मग डावी बाजू, उजवी बाजू, वरून चिकटपट्टी. ‘मीट’ आणि ‘डेडलाइन’चं खोकं शेवटी घेतलं. पट्टी वाकडी बसली. टेम्पो उतारावरून गेला.

दुपारी जेवून शेडमध्ये आलो. दार ओढून घेतलं. खोकं एकही नव्हतं, तरी सगळ्या जोड्या पहिल्यापासून म्हटल्या. एकही चुकली नाही. मागे शांत.

मग मुद्दाम मोठ्याने म्हटलं, मेक ऑर्डर.

थांबलो.

परत म्हटलं, मेक ऑर्डर.