युसूफभाईंच्या सिनेमाचा शेवट

युसूफभाईंनी उद्या छावणीत माईक हातात घेतला, तर परवा त्यांचे हात धड राहतील का, हा घोर दुपारपासून माझा पिच्छा सोडत नाही. कारण त्यांच्या तोंडी तो शब्द मीच दिला आहे.

युसूफभाई उमापूरचे मोटार वाइंडिंगवाले; विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतात. यंदाच्या, सत्त्याऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि मोटारी जळायच्याच थांबल्या. तेव्हा त्यांनी गेवराईहून व्हिडिओ भाड्यानं आणला आणि दूध संस्थेच्या गुरांच्या छावणीत इंग्रजी सिनेमे दाखवायला लागले. इंग्रजी त्यांना येत नाही. टीव्हीचा आवाज बारीक करून ते शेजारी बसतात आणि माईकवर सगळी गोष्ट मराठीत सांगतात. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून एकदा मुद्दाम कान देऊन ऐकलं. हिरो दोन शब्द बोलला, युसूफभाई पाच वाक्यं. पण खरं त्यांचंच वाटलं.

"हे कुठं म्हणाला तो?" मी नंतर विचारलं.

"त्याचं तोंड बघा की बाई. तेच म्हनत व्हता."

मागच्या आठवड्यात एका सुडाच्या सिनेमाचा दुसरा भाग आला. पहिल्या भागात वाचलेला हिरोचा भाऊ यात नशेच्या पावडरीनं मरतो आणि हिरो विकणाऱ्यांना एकेक करून गाठतो. खेळाआधी युसूफभाई माझ्याकडे आले. त्यांची सलिमा माझ्या लेकीच्याच वर्गात आहे.

"बाई, ही पांढरी पावडर काय हाय? लोक म्हनतेल, तोंडाला लावायची पावडर चोरून कावून विकायलेत?"

मी हसत म्हटलं, "हातभट्टी म्हणा. कळेल सगळ्यांना."

कळलं. लई कळलं. मालाची गाडी दिसली तसं युसूफभाई म्हणाले, "ह्या टँकरमधी हातभट्टीची हाय." मागून छावणीतल्या कडूबाई ओरडल्या, "आरं, ह्यो तर आपल्या बबनरावाचा!" सारी छावणी खदखदली. छावणीला पाणी बबनरावांचा टँकर देतो, आणि पाण्याबरोबर आणखी काय येतं ते बायांना ठाऊक आहे. तेवढ्यात जनरेटरचं डिझेल संपलं आणि शेवट या आठवड्याच्या, म्हणजे उद्याच्या खेळावर गेला.

आज दुपारी बबनराव युसूफभाईंच्या दुकानात आले. "शेवट जपून सांग बे. हात हायेत तवर मोटारी भरशील."

संस्थेचे अध्यक्ष ज्ञानोबा अण्णा म्हणाले, खेळ रद्द. टँकर बंद पडला तर जनावरं काय पितील? हे सांगायला मी युसूफभाईंच्या घरी गेले, तर ते माईकची वायर जोडत बसलेले.

"म्या सांगितला न्हाई, तर लोक म्हनतेल शेवट बबनरावानं केला."

"मग काय सांगणार तुम्ही?"

"तोंड बघून ठरवतो."

आतून जरीनाभाभी म्हणाल्या, "कुनाचं? हिरोचं का बबनरावाचं?"

कोपऱ्यात सलिमा गृहपाठ करत होती. तिची पेन्सिल थांबलेली होती.

शेवट ऐकायची मलाही उत्सुकता आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीची थांबलेली पेन्सिल डोळ्यांपुढून हलत नाही. आमचे हे पोस्टमास्तर, म्हणून घरी फोन आहे. अण्णा संस्थेच्या कचेरीतच झोपतात. त्यांना आत्ता उठवते. म्हणते, खेळ होऊ द्या, फक्त माईकपाशी दोन खुर्च्या मांडा. हातभट्टी हा शब्द माझा आहे, हे मी आधी माईकवर सांगेन. मग बबनरावांना जे बोलायचंय ते त्यांनी माझ्या दारात येऊन बोलावं.