मिठातला ऊस

प्रयोगशाळेच्या दारात आमचे सर हात पुढे करायचे. नवखा माणूस हात मिळवायला जायचा आणि सर तो उलटा करून नखं बघायचे. "माती हाय. जा, धुऊन ये." कोल्हापुरात पाहुण्याचं असं स्वागत दुसरं कुणी करत नसेल. लेकीला बघायला आलेल्या मुलाचीही नखं त्यांनी तपासली होती. तो पास झाला, आज त्यांचा जावई आहे.

त्यांचाही इलाज नव्हता. खाडीकाठी मिठात वाढणाऱ्या झुडपातला जनुक उसात घालायचा आणि शिरोळकडच्या क्षारपड रानात तगेल असा ऊस तयार करायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. काचेच्या बरणीत वाढवलेल्या इवल्या रोपाला सगळ्यात मोठं भय मातीतून येणाऱ्या बुरशीचं. बुरशी दिसली की सर बरणी दोन्ही हातांत धरून बाहेर यायचे. "गेला रे," म्हणायचे. मग त्या दिवशी सुतक. मोठ्यानं हसायचं नाही, भजी मागवायची नाहीत. मी तिथं तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि सुरुवातीलाच इतकी सुतकं पाळली की आई म्हणाली, दुसरी नोकरी बघ.

शेवटी एकच रोप जगलं. काचघरात, मिठाच्या मातीत, चांगलं उंच झालं. निवृत्ती जवळ आली होती; त्याच्यात साखर भरते की नाही, एवढंच सरांना बघायचं होतं.

अशात शेतकऱ्यांची सहल आली. नखं धुण्यातच निम्मा वेळ गेला. मग सरांनी ऊस दाखवला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. तेवढ्यात मागून काड्‌कन आवाज आला. एका म्हातारबांनी ऊस गुडघ्यावर मोडून दातानं सोलायला घेतला होता. त्यांच्या मनात पाप नव्हतं हो. तयार ऊस समोर असताना नुसता बघत उभा राहील, असा माणूस आपल्या जिल्ह्यात मला तरी दाखवा.

"पावणं, थुका," सर काचेचं भांडं घेऊन धावले. "जनुक घातलेला ऊस हाय, खायला परवानगी न्हाय अजून. गिळू नगा."

म्हातारबांनी गिळला. सर घामाघूम. आता ओरडणार, असं आम्हाला वाटलं. पण सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "कसा हाय?"

म्हातारबांनी सरांच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. "गोड हाय की. लई गोड."

उरलेल्या कांड्याचा रस मी साखर मोजायच्या यंत्रावर ठेवला. आकडा बघून वाटलं, यापेक्षा नळाचं पाणी बरं. सरांनी काच पुसून पुन्हा मोजलं. तेच. त्यांनी आकडा आहे तसा अहवालात लिहिला, पाहुण्यानं ऊस खाल्ल्याचंही लिहिलं, आणि मला राजारामपुरीत पेढे आणायला पिटाळलं. "पावणं गोड म्हणालं की," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सरांचा म्हातारबांना फोन. "पोट कसं हाय? सकाळी साफ झालं का?" पलीकडचा आवाज अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू यायचा. "अवो डाक्टर, आमच्या पोटानं तांबडा रस्सा पचवलाय, उसाचं काय घिऊन बसलाय." प्रकल्प संपला, उरलेलं बुडखं नियमानं वाफेच्या भट्टीत घालून नष्ट केलं, सर निवृत्त झाले, तरी रोजचा फोन चुकला नाही. पुढंपुढं पोटावरून गप्पा नातवंडांवर गेल्या.

गेल्या वर्षी सर गेले. थोड्याच दिवसांत म्हातारबा जयसिंगपूरहून एसटीनं प्रयोगशाळेत आले. "डाक्टरचा फोन न्हाय आला. आजारी हाईत का?"

मी सांगितलं. ते पायरीवरच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "खरं सांगू? सपक हुता ओ त्यो ऊस. त्यांचं त्वांड बघून गोड म्हटलं."

"सरांना माहीत होतं," मी म्हटलं. "यंत्रावर मोजला होता."

"म्हंजे ठावं असून पेढं वाटलं?" ते हसले, आणि हसताहसताच डोळे पुसले. "आमचं रान मिठानं पांढरं पडलंय, पोरा. गवत बी उगवंना. तितं उगवला असता, तर सपक बी चालला असता की."

हे ऐकायला सर हवे होते. मी म्हातारबांना उठवून आत नेलं आणि सरांच्या खुर्चीत बसवलं. त्यांची नखं मातीनं भरलेली होती. हात धुवा, असं त्यांना म्हणायला दारात कुणी नव्हतं.